फियाट, ऊस आणि बंद पडणारे इंजिन

जुनी मोटार रस्त्यात बंद पडली की भोवती माणसे जमतात आणि प्रत्येकाकडे निदान तयार असते. ‘पेट्रोल पोहोचत नाही’, ‘करंट जातोय’, ‘इंजिन तापलंय, जरा थांबा’. गेल्या काही वर्षांत या यादीत एकाची भर पडली आहे : ‘पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात ना, त्याचा परिणाम!’

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हे वाक्य ऐकताना जरा गंमत वाटते. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस असतो, आणि गाळप हंगामात मोटारीपुढे उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या असतात. उसातून साखर, साखरेतून उरलेली मळी आणि मळीतून इथेनॉल. म्हणजे बंद पडलेल्या गाडीच्या मालकाचा आरोप खरा असेल, तर आरोपी शेजारच्याच शेतातला! पण आरोप खरा आहे का? तो तपासायचा कसा? आणि मुळात हे इंधन आणि ही गाडी एकमेकांच्या वाट्याला आली कशी? या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण पहिल्या दोहोंची उत्तरे त्यातच दडली आहेत.

कालवा, कारखाना, कार

१८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा नदीवर कालव्याचे काम निघाले आणि १८८० च्या दशकात नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू पट्ट्यात आले. पाण्यामागोमाग ऊस आला. एकाच जागी वर्षानुवर्षे ऊस आणि त्याला बेसुमार पाणी, यामुळे जमिनी चिबडू लागल्या. यावर विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्यातल्या एका अभियंत्याने ‘ब्लॉक’ पद्धत सुचवली. जमिनीचे तुकडे पाडायचे, त्यांत उसाची आणि इतर पिकांची फेरपालट करायची आणि पाणी मोजून द्यायचे. तिची सुरुवात नीरा कालव्यावर झाली. या अभियंत्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

१९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि देशात साखर कारखाने उभे करणे फायद्याचे ठरले. सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या उद्योगसमूहाची इंदापूर तालुक्यात कळंब इथे मोठी शेती होती. तिथे त्या दशकात साखर कारखाना उभा राहिला आणि माळरानावर वसलेल्या त्या वसाहतीला वालचंदनगर हे नाव मिळाले. पुढे तिथे साखर कारखान्यांची यंत्रेही तयार होऊ लागली.

याच वालचंदांना मोटारीही करायच्या होत्या. देशात मोटार कारखाना काढण्याची तपशीलवार योजना १९३० च्या दशकात ज्यांनी मांडली, ते विश्वेश्वरय्याच. नीरेचे पाणी मोजून देणारा माणूस आणि हिंदी मोटारीचा आराखडा करणारा माणूस एकच होता, हे आमच्या वाचनात आले तेव्हा आम्हाला मोठी मौज वाटली. इंग्रज सरकारने या योजनेला साथ दिली नाही. तरीही १९४४ साली वालचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि १९४७ साली मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यानंतर इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९५० च्या दशकात फियाट ११०० आली, पुढे तिचीच ‘डिलाइट’ झाली आणि १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’. पद्मिनीचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून ती आणखी टिकली. २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे तिथली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून निघाली.

टॅक्सी गेल्या, पण खासगी फियाट अनेकांनी जपून ठेवल्या आहेत. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदण्याचा नियम केला. तेव्हा १९६४-६५ ची डिलाइट आता कायद्यानेही ‘व्हिंटेज’ होऊ शकते. समजा, अशी एक गाडी इंदापूरहून निघून निमगाव केतकी, लासुर्णे, भवानीनगर करत बारामतीला चालली आहे. अंतर सुमारे ५० किलोमीटर, महिना एप्रिल. आणि ती बंद पडते.

ज्या सालचे इंजिन, त्या सालचे पेट्रोल

पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात हवा आणि पेट्रोल, ते दाबले जाणे, आणि नेमक्या क्षणी ठिणगी. यांतले हवा-पेट्रोलचे प्रमाण राखण्याचे काम या गाडीत कार्बोरेटर करतो. आत जाणारी हवा एका अरुंद गळ्यातून जोरात जाते. तिथे तिचा दाब कमी होतो आणि शेजारच्या छोट्या कुंडीतले पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वर ओढले जाऊन फवारले जाते. अत्तराच्या फवाऱ्याचेच हे तत्त्व. जेटचे छिद्र किती मोठे असावे हे कारखान्यात ठरते आणि ते ठरते त्या काळी मिळणाऱ्या पेट्रोलवरून. पुढे पेट्रोल बदलले तर जेटला ते कळण्याचा मार्ग नाही. आजच्या गाड्यांत धुराड्याजवळ प्राणवायू मोजणारा संवेदक असतो आणि त्यावरून संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. १९६४ च्या गाडीत हे काम फार तर मेकॅनिकचा स्क्रू-ड्रायव्हर करू शकतो.

आणि पेट्रोल तर सतत बदलत आले आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत इंजिने ठोकल्यासारखा आवाज करू लागली. लोकांनी दोष दिला चार्ल्स केटरिंग यांच्या नव्या विजेच्या प्रज्वलन पद्धतीला. केटरिंग यांनी १९१६ मध्ये टॉमस मिजली या तरुण अभियंत्याला कामाला लावले. दोघांनी अंदाज केला, की पेट्रोल लाल रंगवले तर ते उष्णता जास्त शोषेल, लवकर वाफ होईल आणि आवाज थांबेल. भांडारात तेलात विरघळणारा लाल रंग नव्हता, म्हणून मिजलींनी आयोडीन घातले. आवाज थांबला! पण ते तिथेच समाधान मानून बसले नाहीत. दुसरे लाल रंग आणून घातले, तर काहीच फरक पडला नाही. म्हणजे गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचा होता. दोष ठिणगीत नसून इंधनाच्या रासायनिक घडणीत आहे, हे यातून उमगले. निदानाचा इतका स्वच्छ धडा आम्हाला दुसरा ठाऊक नाही. उपाय लागू पडला म्हणजे आपले कारण बरोबर, असे नसते.

पुढची गोष्ट मात्र तितकी चांगली नाही. डिसेंबर १९२१ मध्ये मिजलींच्या गटाला शिशाचे एक संयुग सापडले. अल्कोहोल मिसळूनही हा आवाज थांबतो हे तेव्हा माहीत होते, पण ते बरेच लागते. शिसे चिमूटभर पुरे होते. शिसे जिंकले आणि पुढची कित्येक दशके जगभरच्या हवेत पसरत राहिले. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ फेब्रुवारी २००० पासून थांबली. म्हणजे आपली डिलाइट जन्मली शिशाच्या पेट्रोलवर, आणि आज पिते आहे अल्कोहोलचे.

अल्कोहोलही आपल्याकडे अचानक आलेले नाही. १९३० च्या दशकात साखर कारखाने वाढले, तशी मळी साचू लागली आणि तिच्यापासून ‘पॉवर अल्कोहोल’ करून पेट्रोलमध्ये मिसळण्याचा विचार तेव्हाच सुरू झाला. १९४८ साली त्यासाठी कायदाही झाला. पण कायदा कागदावर निवांत पडून राहिला आणि २००० साली रद्द झाला. लगेच २००१ मध्ये ५ टक्के मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. त्यांतले दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड इथे. २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले, मग उसाच्या तुटवड्यात रेंगाळले. १० टक्क्यांची मजल जून २०२२ मध्ये गाठली आणि २० टक्क्यांची २०२५ मध्ये.

आधी विचारा : कधी बंद पडते?

आता गाडीकडे वळू. चांगला मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी विचारतो, ‘कधी बंद पडते?’ सुरू होताच? तापल्यावर? सिग्नलला थांबल्यावर? की महिनाभर उभी राहिल्यानंतर? जुलाब झालेल्या मुलाला डॉक्टर ‘काल काय खाल्लं?’ विचारतात, तसेच हे.

दुसरी पायरी म्हणजे ठिणगी की पेट्रोल, याचा निकाल. गाडी बंद पडताक्षणी एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या गळ्यात डोकवावे आणि ॲक्सिलरेटरची दांडी हाताने झटकन ओढावी. पेट्रोलची बारीक चिळकांडी दिसली तर पेट्रोल पोहोचते आहे, संशय ठिणगीवर. चिळकांडी नाही, तर पेट्रोलवर. (अर्थात विडी बाजूला ठेवून!) एवढी एक चाचणी केली तरी निम्मी भांडणे मिटतात. ठिणगीच्या बाजूने जुन्या गाड्यांत तीन नेहमीचे गुन्हेगार असतात : घासलेले पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल. कंडेन्सर आणि कॉइल गार असताना ठीक चालतात, तापल्यावर दगा देतात आणि अर्ध्या तासाने पुन्हा शहाणे होतात. लोक याचेच खापर बहुतेक वेळा इथेनॉलवर फोडतात, कारण इथेनॉलही उन्हात हाच खेळ करू शकते.

पेट्रोलच्या बाजूला एक संशयित अगदीच साधा आहे. टाकीच्या झाकणाला हवा आत यायला बारीक भोक असते. ते धुळीने बुजले की जसजसे पेट्रोल कमी होते तसतशी टाकीत पोकळी तयार होते आणि एका मर्यादेनंतर पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. गाडी दर दहा-पंधरा किलोमीटरला बंद पडते. झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज येतो आणि गाडी जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. डब्याला एकच भोक पाडून तेल ओतून पाहिलेल्या कोणत्याही मुलाला हे समजावे लागत नाही.

तिसरा संशयित म्हणजे व्हेपर लॉक, पेट्रोलच्या नळीत वाफ धरणे. या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो. कमी दाबाखाली द्रव कमी तापमानाला उकळतो, आणि भोवती तर तापलेले इंजिन. नळीत वाफेचे बुडबुडे झाले की पंपाचा पडदा नुसती वाफच दाबत-सोडत बसतो, पुढे पेट्रोल जात नाही. घाटात उभ्या राहिलेल्या जुन्या गाड्यांच्या पंपावर ओले फडके टाकलेले असायचे, ते याचसाठी.

हे वर्गात दाखवणे फार सोपे आहे आणि त्याला पेट्रोलची गरज नाही. सुई नसलेली मोठी सिरिंज घ्या. हाताला चटका बसणार नाही अशी काळजी घेऊन तिच्यात सुमारे ७० अंश सेल्सिअसचे पाणी चौथाई भरा, हवा पूर्ण बाहेर काढा. तोंड रबरी बुचाने बंद करून दट्ट्या जोरात मागे ओढा. पाणी बुडबुडे काढत उकळू लागेल. दट्ट्या सोडला की थांबेल. मुलांना विचारा, पाणी तापवले कोणी?

इथे इथेनॉलचा संबंध येतो, आणि तो जरा आडवळणाचा आहे. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळते. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण, ते सुमारे ३५ अंशांपासून उकळू लागते. म्हणजे इथेनॉल घातल्यावर मिश्रणाचा बाष्पदाब कमी व्हायला हवा, असे वाटते. प्रत्यक्षात थोडे इथेनॉल घातले तर तो वाढतो. इथेनॉलचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पेट्रोलमध्ये विखुरले की हे हात सुटतात आणि ते सहज निसटतात. बाष्पदाबातली ही वाढ ५ ते १० टक्के मिश्रणाला सर्वांत जास्त असते आणि त्यापुढे हळूहळू उतरते. तेल कंपन्या मूळ पेट्रोल कमी उडणारे ठेवून ही वाढ आवरू शकतात. तेव्हा एप्रिलच्या दुपारी गाडी वाफ धरत असेल तर इथेनॉलचा हात असू शकतो, पण ओले फडके इथेनॉल येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे!

इथेनॉलची खरी खूण

मग इथेनॉलमुळेच गाडी बंद पडते हे ओळखायचे कसे? आमच्या मते तीन खुणा पाहाव्यात.

पहिली : गाडी वेगात ठीक चालते, पण थांबल्यावर, स्लोवर, बंद पडते. याचे गणित अकरावीच्या मुलांना करता येईल. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत आधीच ऑक्सिजन आहे (वजनाने जवळजवळ ३५ टक्के), त्यामुळे त्याला ९ किलोच पुरते. समीकरण मांडून हा आकडा मुलांना काढू द्या. २० टक्के मिश्रणाला मग सुमारे १३.५ किलो लागते. जुन्या जेटमधून मात्र पूर्वीइतकेच इंधन येते, म्हणजे मिश्रण सात-आठ टक्क्यांनी ‘पातळ’ होते. भर वेगात इंजिन हे सहन करते. स्लोवर ज्योत आधीच अशक्त असते आणि त्या वेळचे जेट सर्वांत बारीक, म्हणून उणीव तिथे आधी दिसते. चांगल्या स्थितीतले इंजिन एवढ्यावरून सहसा बंद पडत नाही. कुठे गॅस्केटमधून चोरून हवा शिरत असेल तर आधी निभत होते, ते आता निभत नाही. मिश्रणाचा स्क्रू थोडा सैल करून गाडी स्लोवर टिकली, तर निदान जवळजवळ पक्के. पण मिजलींची आठवण ठेवून हवा कुठून शिरते का, तेही पाहावे.

दुसरी : टाकी नव्या पेट्रोलने दोन-चारदा भरल्यावर फिल्टर आणि जेट वारंवार चोंदतात. टाकीच्या आत वर्षानुवर्षे साचलेला चिकट थर आणि त्याने धरून ठेवलेला गंज अल्कोहोलमुळे सुटतो. फर्निचरचे लाखेचे पॉलिश सुतार स्पिरिटमध्ये विरघळवतो, हे मुलांनी पाहिलेले असते. जुन्या गाड्यांत काही ठिकाणी बुचाच्या लाकडाची गॅस्केटे आणि तरंगे लाखेने लेपलेली असत. त्यांचे काय होत असेल, ते सांगायला नको. पंपाचा जुन्या रबराचा पडदा फुगतो किंवा ताठर होतो. इथे स्क्रू फिरवून भागत नाही. नव्या रबराचा पडदा आणि नळ्या घालणे, टाकी साफ करणे हाच उपाय.

तिसरी : गाडी महिना-दोन महिने उभी होती, पाऊस झाला, आणि आता सुरू होऊन लगेच बंद पडते. इथेनॉल पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळते, पेट्रोल मिसळत नाही. म्हणून तर डिस्टिलरीत साध्या ऊर्ध्वपातनाने मिळणारे सुमारे ९५ टक्क्यांचे स्पिरिट चालत नाही. उरलेले पाणी झिओलाइटच्या चाळणीने काढून ते ९९.५ टक्क्यांपर्यंत न्यावे लागते. टाकीत जुन्या झाकणातून पाणी शिरले तर थोडे असेपर्यंत इथेनॉल त्याला सामावून घेते. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी जाते. १० टक्के मिश्रणात ही मर्यादा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, २० टक्क्यांत ती जास्त. आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळाजवळूनच निघते!

पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे का, हेही याच गुणावरून तपासतात. बूच असलेल्या काचेच्या मोजपात्रात ९० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घेऊन हलवून स्थिर ठेवले, की इथेनॉल खालच्या थरात उतरते. तो थर १० वरून २५ च्या पुढे गेला तर मिश्रण २० टक्क्यांच्या आसपासचे. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः, उघड्यावर, ज्योत आणि ठिणगीपासून दूर करावा. मुलांनी लांबून पाहावा. वापरलेले द्रव पुन्हा टाकीत ओतू नये.

दोन बाजू

हे सारे केवळ हौशी गाडीवाल्यांपुरते नाही. एक टन उसाच्या शेवटच्या मळीतून साधारण १० लिटर इथेनॉल मिळते, थेट रसातून केले तर सुमारे ७० लिटर. बारामती-इंदापूरच्या ऊस उत्पादकासाठी कारखान्याकडे साखरेखेरीज दुसरे विक्रीचे साधन असणे, म्हणजे उसाचे पैसे वेळेवर मिळण्याची शक्यता वाढणे. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्याने सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठवली. त्या मधल्या हंगामात कारखान्यांची गणिते कशी विस्कटली, हे या भागात वेगळे सांगावे लागत नाही. आता तर इथेनॉल केवळ उसाचे राहिलेले नाही, मका आणि तांदूळही आले आहेत.

दुसरीकडे, ज्याची गाडी जुनी, त्याला निवड उरलेली नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच म्हटले होते, की अशा मिश्रणासाठी न बनवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता सहा-सात टक्क्यांनी घटेल. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. ब्राझीलने १९३१ पासून पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळले आणि १९७५ नंतर निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्याही केल्या. तिथेही थंडीत या गाड्या सुरू होईनात, तेव्हा त्यांना पेट्रोलची छोटी वेगळी टाकी जोडावी लागली. तिथे इंधन बदलले तेव्हा इंजिनही बदलले गेले. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांसाठी हे काम गावोगावच्या मेकॅनिकवर येऊन पडले आहे. जेट कितीने मोठे करायचे, कोणत्या रबराचा पडदा घालायचा, याच्या तक्त्यांची सोपी मराठी पुस्तिका त्यांच्या हाती असायला हवी.

लासुर्ण्याजवळ उभ्या असलेल्या आपल्या डिलाइटचे म्हणाल, तर चिळकांडी दिसत नव्हती, आणि टाकीचे झाकण उघडताना ‘फुस्स’ झाले.